मेणवलीच्या घाटावर मार्गशीर्षातली सकाळ

सात वाजून गेलेत. कृष्णेवर धुकं अजून तसंच आहे आणि घाटाच्या पायऱ्या अनवाणी पावलांना चावताहेत. मुहूर्त दुपारचा, वाईच्या कार्यालयात. त्याआधी नवरा-नवरी, करवल्या आणि दोन्हीकडची तरुण मंडळी फोटोंसाठी इथे आलीयेत. नवरीच्या नऊवारीवर जाड लोकरी शाल आहे.

"अगं, फोटोपुरती तरी काढ ती," मावशी म्हणतात.

"राहू द्या मावशी. थंडी दिसली पाहिजे फोटोत," फोटोग्राफर सांगतो.

मला हे मनापासून पटतं. डिसेंबरातलं लग्न एप्रिलमधल्यासारखं दाखवायचं कशाला?

पाण्याकाठी तो सगळ्यांना पायऱ्यांवर वरखाली, सैलसर उभं करतो. धुक्यात कॅमेरा फसतो. एवढं पांढरं पाहून चित्र काळवंडून टाकतो. म्हणून हा उजेड एक स्टॉप वाढवून घेतो. मागचा पैलतीर पुसलेला, आणि त्यावर फक्त फेट्यांचा केशरी रंग.

मग मंडळी देवळाकडे. इथली घंटा पोर्तुगीज, 1739 च्या वसई मोहिमेनंतर आलेली. अंगावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. करवले तिच्याखाली जमतात, पण फोटोग्राफरची नजर काळ्या दगडी भिंतीवर आहे. भिंत सावलीत, आणि तिच्या कडेवरून तिरपं ऊन येतंय. तो सगळ्यांना भिंतीपासून चार हात पुढे, त्या उन्हाकडे पाठ करून उभं करतो. चेहरे काळे पडू नयेत म्हणून मदतनीस पोरगा थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून समोर उकिडवा बसतो.

"दादा, नाव घ्या. मोठ्याने!"

नवरा सुरुवात करतो, दुसऱ्या ओळीला अडकतो. करवल्या खिदळतात, आणि एवढ्या सगळ्या तोंडांतून निघालेली वाफ काळ्या दगडापुढे उन्हात सोनेरी होऊन उठते. शटर थांबत नाही. असं हसू 'स्माईल' म्हणून सांगून येत नाही, आणि अशी वाफ मे महिन्यात कुठून आणणार?

साडेआठच्या सुमारास धुकं विरतं. उन्हाने डोळे मिचकावू लागतात, तसा तो दोघांना नाना फडणवीसांच्या वाड्यात नेतो. चौकातल्या लाकडी खांबांपाशी उजेड मऊ आहे.

"वहिनी, हात जरा पुढे. कालची हळद दिसू दे."

करवल्या चुडा सारखा करायला सरसावतात.