मुक्या जिवांसाठी लोकवर्गणी

धर्मग्रामाच्या सीमेत एखादे लहानसे प्राणी-आश्रयस्थान असते. वाहनाखाली सापडलेली कुत्री, घराबाहेर काढलेली म्हातारी मांजरे, कधी पाय मोडलेले एखादे गाढव तेथे आणले जाते. ते चालविणारी माणसे दोन-तीनच असतात. त्यांच्या पदरचे पैसे संपत येतात आणि एके दिवशी ती धर्मगुरूंकडे येऊन विचारतात, की येत्या रविवारी आमच्यासाठी वर्गणी गोळा करता येईल काय? २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे भटक्या कुत्र्यांविषयी सुनावण्या झाल्या आणि हा विषय घरोघरी चर्चिला गेला. तेव्हापासून असे प्रश्न आपल्या दारी अधिक येणे स्वाभाविक आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला तत्त्वाचा: माणसे उपाशी असताना मरणोन्मुख जनावरासाठी पैसा मागणे ख्रिस्ती नीतीला धरून आहे काय? दुसरा व्यवहाराचा: असा पैसा कोणत्या रीतीने जमवावा? तिसरा शिकवणुकीचा: या निमित्ताने लोक जे विचारतील त्याला कॅटेकिस्टने काय उत्तर द्यावे? प्रस्तुत लेखात या तिन्हींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

शुश्रूषागृह म्हणजे काय

‘हॉस्पिस’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील ‘होस्पेस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ यजमान असाही होतो आणि पाहुणा असाही होतो. मध्ययुगातील मठांत यात्रेकरूंना व आजाऱ्यांना जेथे उतरवून घेत, त्या जागेला हे नाव मिळाले. आधुनिक अर्थाने सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्याकडे मुंबईच्या बांद्रा भागात १९८६ साली ‘शांती आवेदना’चे कार्य उभे राहिले. बरे करणे शक्य नसेल तेव्हाही वेदना हलकी करणे शक्य असते, हे या कार्यामागील सूत्र होय. तेच सूत्र काहींनी प्राण्यांना लागू केले आहे.

अशा ठिकाणी येणारे प्राणी तीन प्रकारचे असतात. काही उपचारांनी बरे होऊन परत जातात. अळ्या पडलेली जखम पाहवत नाही, पण ती स्वच्छ करून औषध दिल्यास बहुधा भरून येते. कुत्र्यांच्या जननेंद्रियावर होणारे संसर्गजन्य अर्बुद भीषण दिसते. तरी विन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी ते बहुतेक वेळा नाहीसे होते. दुसरा प्रकार कायमच्या पंगू प्राण्यांचा. पाठीचा कणा मोडलेल्या कुत्र्याची कूस काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर अंगाला व्रण पडतात. त्याचे मूत्राशय रोज हाताने दाबून रिकामे करावे लागते. तिसरा प्रकार खरोखर मरणाच्या वाटेवर असलेल्यांचा. मूत्रपिंडे निकामी झालेली म्हातारी मांजर हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

हा भेद निधीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बरा होऊन जाणारा प्राणी जागा मोकळी करतो. पंगू प्राणी मात्र वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याच्यावर होणारा खर्च थोडा असला तरी तो कधी थांबत नाही. म्हणून अशा संस्थेला एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरमहा येणाऱ्या लहान रकमेची गरज अधिक असते.

तत्त्वाचा प्रश्न

जुन्या करारातील नियमशास्त्र या बाबतीत स्पष्ट आहे. शब्बाथाचा विसावा बैलाला व गाढवालाही दिला आहे (निर्गम २३). मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये (अनुवाद २५). ओझ्याखाली कोसळलेले गाढव वैऱ्याचे असले तरी त्याला उठविण्यास हात लावावा (निर्गम २३). या शेवटच्या आज्ञेत मालकाशी असलेले वैर आणि जनावराचे कष्ट यांची फारकत केली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. प्रभू येशूने शब्बाथाच्या वादात जो दाखला दिला, तोही दाव्याचा बैल सोडून पाण्यावर नेण्याचा आणि विहिरीत पडलेल्या जनावराला वर काढण्याचा (लूक १३ व १४). ऐकणाऱ्यांना त्या कृतीचा चांगुलपणा मान्य होता, म्हणूनच तो दाखला लागू पडला.

याच्या उलट बाजूने संत पौलाचे वचन पुढे केले जाते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो बैलाच्या त्याच नियमाचा उल्लेख करतो आणि देवाला बैलांची चिंता आहे काय, अशा आशयाचा प्रश्न करतो. परंतु तेथे त्याचा विषय सुवार्तिकांच्या निर्वाहाचा आहे. लहान गोष्टीत जो नियम खरा, तो मोठ्या गोष्टीत किती अधिक खरा, असा तो युक्तिवाद आहे. लहान गोष्ट खोटी ठरविली तर युक्तिवादच ढासळतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात (प्रश्न २५, कलम ३) असा प्रश्न घेतला आहे, की ईश्वरी प्रीतीचा विषय बुद्धिहीन प्राणी होऊ शकतात काय. त्यांचे उत्तर सूक्ष्म आहे. ही प्रीती एक प्रकारची मैत्री आहे आणि मैत्री शाश्वत सुखाच्या भागीदारीवर उभी असते. त्या अर्थाने पशूंशी ती संभवत नाही. मात्र देवाच्या गौरवासाठी व मानवाच्या उपयोगासाठी त्यांचे जतन व्हावे, अशी इच्छा आपण प्रीतीपोटीच करू शकतो. म्हणजे प्राण्यावरील दयेचे स्थान प्रीतीच्या बाहेर नसून तिच्या कक्षेत, पण दुय्यम आहे.

कॅथलिक ख्रिस्तसभेची ‘धर्मशिकवण’ (१९९२) परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये हाच तोल सांभाळते. शेवटच्या परिच्छेदाचे दोन भाग आहेत आणि वाद घालणारे बहुधा त्यांपैकी एकच वाचतात. एका भागात प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला विरोधी ठरविले आहे. दुसऱ्या भागात जो पैसा अग्रक्रमाने मानवी दैन्य निवारण्यास लागावा तो प्राण्यांवर खर्च करणे अनुचित म्हटले आहे. येथे ‘अग्रक्रम’ या कल्पनेवर भर आहे. प्राण्यांवर कोणताही खर्च करू नये, असे येथे म्हटलेले नाही. गरिबाच्या हक्काचा पैसा वळवू नये, असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात क्रूरतेविषयीची हीच शिकवण पुन्हा सांगून, सृष्टीविषयीची आस्था व गरिबांविषयीची आस्था एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे विस्ताराने मांडले आहे.

यातून धर्मग्रामासाठी एक कसोटी निघते. प्राण्यांसाठी वर्गणी घ्यावयाची असेल तर ती गरिबांच्या निधीतून काढू नये, त्या निधीच्या नेहमीच्या रविवारी ठेवू नये आणि तिच्यामुळे तो निधी आटणार असेल तर ती थांबवावी. ही कसोटी पाळल्यास दोन्ही परिच्छेदार्धांचा मान राहतो.

इतिहासातील दोन उदाहरणे

अशा निधीचा इतिहास आपल्याला परका नाही. १६ जून १८२४ रोजी लंडनमधील एका कॉफीगृहात अँग्लिकन धर्मगुरू आर्थर ब्रूम यांनी सभा बोलाविली आणि प्राण्यांवरील क्रूरतेच्या प्रतिबंधासाठी संस्था स्थापन झाली. दोनच वर्षांपूर्वी, १८२२ साली, रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने गुराढोरांच्या संरक्षणाचा कायदा ब्रिटिश संसदेत संमत झाला होता. विल्यम विल्बरफोर्स हेही या संस्थापकांत होते. ब्रूम यांनी आपले धर्मग्रामाचे पद सोडून संस्थेला वाहून घेतले. परंतु खर्च वर्गणीच्या पुढे गेला. संस्थेच्या कर्जाची जबाबदारी त्यांच्या शिरावर असल्यामुळे १८२६ साली त्यांना ऋणकोंच्या तुरुंगात जावे लागले, आणि मार्टिन, लुईस गॉम्पर्ट्झ प्रभृतींनी पैसे जमवून त्यांची सुटका केली. ज्या संस्थेला १८४० साली राणी व्हिक्टोरियाने ‘रॉयल’ हे बिरूद दिले, तिच्या आरंभी अशी एक तुरुंगाची कोठडी आहे. उत्साह सच्चा होता. उणीव होती ती नियमित उत्पन्नाची आणि जबाबदारी वाटून घेणाऱ्या समितीची.

या कथेला आणखी एक पदर आहे. ब्रूम यांच्यानंतर चिटणीसपद सांभाळून संस्था तगविणारे गॉम्पर्ट्झ हे यहुदी होते. १८३२ साली संस्थेने स्वतःला केवळ ख्रिस्ती तत्त्वांवर आधारलेली म्हणून घोषित केले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ज्याने संकटात हात दिला त्यालाच दार बंद झाले, ही गोष्ट अनेकधर्मीय समाजात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी विसरू नये.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १८३२ साली भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आज्ञेवरून पारशी समाजात क्षोभ होऊन शहरात दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई व जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ स्थापन झाली. तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने ‘लागा’ बसवून घेतला. प्रत्येक व्यवहारातून थोडेसे बाजूला पडत राहिले आणि संस्था एका दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहिली नाही. लंडनच्या संस्थेला आरंभी जे साधले नाही, ते मुंबईच्या पेढ्यांनी साधले.

निधी कसा जमवावा

लाग्याचा तो धडा आजच्या धर्मग्रामाला सहज लागू होतो. समजा, एका जत्रेतून साठ हजार रुपये मिळाले. शंभर कुटुंबांनी दरमहा पन्नास रुपये दिले तर वर्षाचे तेवढेच होतात. रक्कम एकच, परंतु पहिली बहुधा नव्या पिंजऱ्यांत व फलकात जाते आणि पावसाळ्यात पुन्हा चणचण भासते, तर दुसरीतून प्रत्येक महिन्याचे धान्य व औषध येते. म्हणून मासिक वर्गणीला प्राधान्य द्यावे. ४ ऑक्टोबरच्या संत फ्रान्सिसच्या सणाला, प्राण्यांच्या आशीर्वादविधीच्या वेळी, वर्षातून एकदा विशेष आवाहन करणे उचित होईल.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील काही नियम येथे ध्यानात ठेवावेत. पुण्यकार्यासाठी कोणाही खाजगी व्यक्तीला वा संस्थेला लेखी परवानगीविना वर्गणी मागता येत नाही (कलम १२६५). आश्रयस्थान लौकिक स्वरूपाचे असले तरी चर्चच्या दारी पेटी ठेवण्यापूर्वी बिशपांच्या कार्यालयाची लेखी संमती घेणे हेच शहाणपणाचे. ठराविक हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे लागते (कलम १२६७). धर्मग्रामातील विधींच्या निमित्ताने येणारे दान, दात्याचा वेगळा हेतू स्पष्ट नसल्यास, धर्मग्रामाच्या निधीत जाते (कलम ५३१); म्हणून पेटीवर हेतू ठळकपणे लिहावा. आणि भाविकांनी जे दिले त्याचा हिशेब भाविकांना द्यावा (कलम १२८७). संत पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी नेताना मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली, ती कोणी बोट ठेवू नये म्हणूनच (२ करिंथ ८).

देशाच्या कायद्याकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. संस्था नोंदणीकृत आहे ना, तिचे बँकखाते तिच्याच नावे आहे ना, हे प्रथम पाहावे. परदेशी निधीविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. तेव्हा धर्मप्रांताच्या तशा निधीतून या कार्याला हातभार लावता येणार नाही. आखातात नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले दान या कायद्याने परदेशी ठरत नाही. परंतु ज्याने पोर्तुगीज वा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचे दान परदेशी ठरते, मग तो गोव्यातल्या आपल्याच वाड्यावरचा का असेना. गोव्यातील धर्मगुरूंनी हा भेद विशेष लक्षात ठेवावा.

वस्तुरूप दानात जुन्या चादरी, टॉवेल, वर्तमानपत्रे व तांदूळ यांचा खरा उपयोग होतो. घरातील उरलेली औषधे मात्र सरसकट घेऊ नयेत. माणसाला गुणकारी असणारे पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते. गुरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यास २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मरतात. दानही जाणतेपणाने करावे लागते, हे शिकविण्यास ही उदाहरणे पुरेशी आहेत.

कॅटेकिस्टला विचारले जाणारे दोन प्रश्न

पहिला प्रश्न असा: असाध्य वेदनेतील प्राण्याला पशुवैद्य सुखाने मरण देतात, मग ख्रिस्तसभा माणसाच्या बाबतीत ते का नाकारते? १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरेल अशा प्राण्याला मरण देण्याची तरतूद आहे, आणि ख्रिस्ती नीतीला त्यात बाध नाही. प्राण्याला आपल्या वेदनेचा अर्थ लावता येत नाही, ती अर्पण करता येत नाही आणि त्याचे जीवन मानवाच्या रक्षणाधीन सोपविलेले आहे. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे. त्याच्या जीवनाचे स्वामित्व कोणाही माणसाकडे नाही. म्हणून एकाच शुश्रूषागृहाच्या कल्पनेत हा भेद राहतो, आणि तो लपवू नये. मात्र खर्च वाचविण्यासाठी वा जागा करण्यासाठी प्राण्याला मरण देणे ही वेगळी बाब आहे. ज्या संस्थेला आपण पैसा देतो तिचे याविषयीचे धोरण विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरा प्रश्न मुलांचा: आमचा कुत्रा स्वर्गात जाईल काय? येथे खोटा दिलासा देऊ नये आणि कोरडे व्याख्यानही देऊ नये. प्राण्याला अमर आत्मा आहे, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. परंतु सर्व सृष्टी दास्यातून मुक्त होण्याची वाट पाहत आहे, असे रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगतो, आणि एकही चिमणी देवाच्या विस्मरणात जात नाही, असे प्रभूने शिकविले आहे. मुलाला एवढे सांगावे, की देव आपण निर्मिलेल्या कशालाही विसरत नाही. त्यापुढचे त्याच्या हाती सोपवावे.

व्यवहारात आरंभ लहानच असावा. धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळात विषय मांडावा, संस्थेला प्रत्यक्ष भेट द्यावी, तिच्या मागील वर्षाचा जमाखर्च पाहावा. एक वर्षासाठी ठराविक कुटुंबांची मासिक वर्गणी सुरू करावी; अन्य धर्मीय शेजाऱ्यांना सहभागी होण्यास मोकळीक ठेवावी; दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद चर्चच्या दाराशी लावावा. वर्षाअखेर गरिबांच्या निधीचे आकडे त्याशेजारी मांडून पाहावे. तो निधी घटला नसेल तर वर्गणी पुढे चालू ठेवण्यास हरकत नाही. तो घटला असेल तर प्रथम तो भरून काढावा आणि मगच मुक्या जिवांच्या पेटीकडे वळावे.