संमोहन आणि टाक्यांची जखम
लक्ष एका गोष्टीवर स्थिर होऊन सूचना मनात सहज उतरतात अशा अवस्थेला संमोहन म्हणतात. ते शस्त्रक्रियेची जखम लवकर भरून आणते का, हे तपासणाऱ्या अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष कॅरोल जिनँडिस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. वैद्यकीय सल्ल्याने स्तनांचा आकार कमी करून घेणाऱ्या १८ स्त्रियांपैकी काहींना नेहमीचे उपचार, काहींना त्यांच्या जोडीला आठ वेळा निव्वळ धीर, तर उरलेल्यांना संमोहनाची आठ सत्रे मिळाली. कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या तपासनिसांना पहिल्या व सातव्या आठवड्यांत संमोहनगटाच्या जखमा अधिक भरलेल्या दिसल्या. अर्थात, अठराजणींवरून नियम बांधणे घाईचे ठरेल. संमोहन शल्यविशारदाच्या संमतीनेच घ्यावे, आणि त्यापायी ड्रेसिंग व औषधे मुळीच थांबवू नयेत.