पळसाखालचे भिक्षू

हाल या सातवाहन राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ ही मराठी मुलखाची सर्वांत जुनी वडिलोपार्जित पोथी. कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या, असे ती स्वतःच सांगते. सर्व पाठपरंपरांत समान सापडतात त्या सुमारे 430. वसंतातली फुले तिच्यात जागोजागी आहेत. त्यांपैकी आंब्याचा मोहोर म्हणजे मदनाचा बाण, हा संकेत काव्यात वापरून वापरून गुळगुळीत झाला. मोह आणि पळस यांचे तसे झाले नाही, आणि भंडारा जिल्ह्यात फाल्गुन-चैत्र ओळखायचा तो या दोघांवरूनच.

मोहाची फुले रात्री गळतात आणि पहाटे टोपल्यांत वेचली जातात: मांसल, पांढुरकी, हाताला चिकटणारी. पोथीच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे शंभर गाथांच्या दुसऱ्या गटात, लागोपाठ दोन गाथा या वेचणीच्या आहेत. पहिलीत गोदाकाठच्या, फुलांच्या भाराने वाकलेल्या मोहाला सावकाश गळण्याची विनवणी आहे. फुले संपली की रानात जाण्याचे निमित्तही संपणार. दुसरीत ते संपलेच आहे. शेवटची फुले स्त्री रडत वेचते, चितेतून आप्ताच्या अस्थी वेचाव्यात तशी. टीकाकार इथे चोरट्या भेटी पाहतात, ते योग्यच. पण पांढुरक्या फुलात हाडाचा तुकडा दिसायला ते हातात घेऊन पाहिलेले असावे लागते.

पळसाला पाने तीनच, असे म्हणतात; चौथ्या शतकातल्या गाथेत मात्र एकही पान नाही. झाडाखालची जमीन आहे आणि तिच्यावर गळलेली फुले. आधी ती पोपटाच्या चोचीसारखी दिसतात, मग बुद्धाच्या पायांशी लोटांगण घातलेल्या भिक्षुसंघासारखी. चोचीची उपमा जुनीच. ‘किंशुक’ या नावातही पोपट आहे. दुसरी उपमा अस्सल. काळपट मखमली देठकोशातून निघालेली वाकडी भगवी पाकळी जमिनीवर पडली की खरोखर कुणी ओणवे झाल्यासारखी दिसते.

या पोथीच्या काळावरून मोठा वाद झाला. राधेचा आणि मंगळवाराचा, म्हणजे उशिराच्या मानल्या गेलेल्या गोष्टींचा, उल्लेख दाखवून दे. रा. भांडारकरांनी तिला इसवी सनाच्या सहाव्या शतकात ओढले. वा. वि. मिराशींनी तोड काढली ती अशी: गाभा पहिल्या शतकातला, भर मात्र आठव्यापर्यंत पडत राहिलेली. एकाच राजाच्या एकाच बैठकीत ग्रंथ पुरा झाला असे मानण्यापेक्षा हे अधिक पटते.

पळसाच्या गाथेतला भिक्षुसंघ भंडाऱ्याच्या भागाला परका नव्हता. वैनगंगेकाठच्या पवनीत नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये उत्खनन केले. तिथल्या स्तूपाच्या अवशेषांत ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख मिळाले. एका शिल्पावर बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे नाव कोरलेले आहे. नागाने फणा उभारला आहे आणि त्याखालचे आसन रिकामे आहे. त्या काळच्या शिल्पांत बुद्ध आसन, वृक्ष, पाऊल अशा खुणांनीच दाखवत. पळसाच्या गाथेतही त्याचे फक्त पायच येतात.