टॉवेलला पावलेलं इंटरनेट

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमानं देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, ते मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत. चादरी-टॉवेलांचं सोलापूर त्या यादीत नव्हतं. व्यावसायिक खात्याला वर्षाकाठी 250 तासांचे 25 हजार रुपये आणि वेग सेकंदाला 9.6 किलोबिट. गावात सोय नसेल, तर एसटीडीनं मोठ्या शहराचा नंबर फिरवायचा. त्याचं बिल वेगळं. सोलापुरातल्या लक्ष्मी-विष्णूसारख्या कापड गिरण्यांचे भोंगे ज्या दशकात थांबले, त्या दशकात हा खर्च कोण करणार?

केला तो टॉवेलच्या निर्यातदारांनी, आणि तो वसूलही झाला असं माझं ठाम मत आहे. कारण टेरी टॉवेल आकड्यांत सांगता येतो: 70 बाय 140 सेंटिमीटर, 500 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), डॉबी बॉर्डर, पेटीत इतके डझन. परदेशी फॅक्सला मिनिटामिनिटाचे पैसे मोजावे लागत. ई-मेलची रीत वेगळी होती. लाइन न जोडता सगळी उत्तरं आधी लिहून ठेवायची, मग मोडेम जोडायचा, तो किर्रकिर्र करून लागला की पत्रं सोडायची, आलेली उतरवून घ्यायची आणि लगेच लाइन तोडायची. दर, दुरुस्ती, जहाजाची तारीख, सगळं त्या काही मिनिटांत उरकायचं.

रंग मात्र पडद्यावर ठरत नसे. रंगवलेली नमुनापट्टी कुरिअरनंच जायची. नवा ग्राहकही बहुधा फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिलसारख्या प्रदर्शनात, समोरासमोर भेटायचा. इंटरनेटनं गिऱ्हाईक आणलं कमी, टिकवलं जास्त.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या, चादरी विणणाऱ्या मागवाल्याची गोष्ट निराळी. चादर हातात घेऊन, वजन आजमावून घेतली जाते. ती चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्यामार्फत खपायची, आणि त्या व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक ई-मेल पाहणारं नव्हतं. चार-सहा मागांच्या मालकाला हवा होता सुताचा आजचा भाव. केरळच्या मच्छीमारांवरचा रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास इथं आठवतो. 1997 ते 2001 या काळात किनाऱ्यावर मोबाइल आला, भर समुद्रातून बंदराबंदराचा भाव विचारता येऊ लागला; मच्छीमारांचा नफा सुमारे 8 टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे 4 टक्के स्वस्त मिळाली. मागवाल्याच्या हातातही आधी मोबाइलच आला, संगणक नाही. डिझाइनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जायला लागला तो आणखी कितीतरी वर्षांनी.

तोवर बाजार बदलला होता. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकला जातोच. ऑनलाइन खरेदीत तर चादर हाताळून पाहायची सोयही नाही, मग ग्राहकानं पारख करायची कशी? ‘सोलापुरी’ हे नाव लावणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याकडून मानांकनाच्या अधिकृत वापराचा पुरावा मागितला गेलाच पाहिजे, आणि ही मागणी यंत्रमागधारकांनी एकजुटीनं सरकारदरबारी रेटायला हवी.