फाल्गुनातले डोंगरवेडे पाहुणे

होळीच्या आधी आठ-पंधरा दिवस निरोप येतो, “आम्ही चौघे येतोय. तीन दिवस राहू. काही नको, फक्त डोंगर दाखवा.” निरोप वाचून घरात आनंद होतो आणि लगेच पंचाईतही होते. आमचे माण हे मुळशी तालुक्यातले गाव. पण आज गावाच्या शिवेवर उभे राहिले तर आधी दिसतात त्या हिंजवडीच्या काचेच्या इमारती आणि कामावर निघालेल्या मोटारींची रांग. मग वाटते, या डोंगरवेड्यांना इथे दाखवायचे तरी काय?

मंडळी, हाच प्रश्न चाकण, तळेगाव, पिरंगुट अशा कितीतरी गावच्या यजमानांना पडत असेल. म्हणून आज थोडे सविस्तर सांगतो. फाल्गुनात डोंगर दाखवणे सोपे आहे, पण पाहुण्याला सुखरूप घरी आणणे हे काम आहे. त्यातली अर्धी तयारी पाण्याची, आणि उरलेली आगीपासून जपण्याची.

आधी काळ समजून घेऊ. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखात धरतात. झाडे मात्र पंचांगाची वाट पाहत नाहीत. माघ सरता सरता आमच्याकडच्या टेकड्यांवर पानगळ होते आणि फाल्गुनात उघड्या फांद्यांवर फुले येतात. पळस, पांगारा आणि काटेसावर ही तिन्ही झाडे याच दिवसांत लाल-केशरी होतात. पाहुणा विचारील, पाने गेली आणि फुले कशी आली? त्याला सांगावे, कोरड्या दिवसांत पानांतून पाणी उडून जाते, म्हणून झाड पाने टाकते. पाने नसली की फुले लांबून दिसतात. या फुलांत मध भरपूर असतो. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी तो पिण्यासाठी येतात, आणि या फुलाचा पराग त्या फुलावर नेऊन पोचवतात. एखाद्या काटेसावरीखाली सकाळी अर्धा तास शांत बसलात, तर हा सगळा बाजार डोळ्यांसमोर भरतो.

कुसुंबाचे झाड दिसले तर तेही दाखवा. लांबून फुलोरा वाटतो, पण जवळ गेल्यावर कळते की ती कोवळी लाल पालवी आहे. करवंदीच्या जाळीला याच सुमारास पांढरी फुले येतात. मोहोरलेला आंबा आणि तांबट पक्ष्याचा ‘टुक्-टुक्’ आवाज तर गावातच मिळतो. शिक्षकांनी हे मुलांकडून करून घ्यावे. शाळेच्या वाटेवरची दहा झाडे कोणत्या तारखेला फुलली याची वही दरवर्षी ठेवली, तर पाच वर्षांत गावचे स्वतःचे ऋतुपंचांग तयार होईल.

आता पाहुणे घरी आले. पहिल्या दिवशी गडाचे नाव काढू नये. प्रवासाने अंग आंबलेले असते. दुसऱ्या दिवशी पहाटे सोमाटण्याजवळच्या घोरावडेश्वराच्या डोंगरावर न्यावे. पुणे-मुंबई रस्त्याला लागूनच हा डोंगर आहे. वर कातळात कोरलेली जुनी बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या एका लेण्यात महादेव आहे. देहूच्या तुकोबारायांनी चिंतनासाठी निवडलेल्या डोंगरांत भंडारा आणि भामचंद्राबरोबर घोरावडेश्वराचेही नाव परंपरेने घेतले जाते. चढ लहान आहे. कोणाला दम लागतो, कोणाचा बूट चावतो, हे इथेच कळून येते. पाहुणे बीजेच्या सुमारास, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला आले, तर देहूची गर्दी ध्यानात घेऊन वाट ठरवावी.

तिसरा दिवस तिकोन्याचा. माणहून घोटावडे, पौड, कोळवण असे गेले म्हणजे तिकोनापेठ गाठता येते. गडाला वितंडगड असेही नाव आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 3,500 फूट. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे 23 किल्ले मोगलांना दिले, त्यांत तिकोना होता, आणि समोर दिसणारे तुंग, लोहगड, विसापूर हेही होते. वाटेत चपेटदान मारुती लागतो, पुढे तुळजाईचे लेणे लागते, आणि शेवटी छातीवर येणाऱ्या उभ्या पायऱ्या. माथ्यावर पोचले की खाली पवनेचा जलाशय पसरलेला दिसतो. तिथे पाहुण्याला नुसती नावे सांगू नका. बोट धरून दाखवा, हा तुंग, तो लोहगड, त्याला चिकटून विसापूर. एकेक किल्ला दुसऱ्यावर कशी नजर ठेवून आहे, ते पाहणाऱ्याच्या आपोआप ध्यानात येते. त्यांतल्या लोहगडाचा समावेश 2025 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना तेव्हा एकत्र हा मान मिळाला.

पण गडावर मला सर्वांत मोलाचे वाटते ते पाण्याचे टाके. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तसे हे थर आहेत. काही थर घट्ट, त्यांतून पाणी झिरपत नाही. काही सच्छिद्र, आणि सांधे-भेगांतून पाणी वाहते. जुन्या कारागिरांनी हे ओळखले होते. जिथे पाझर सापडतो आणि खालचा कातळ पाणी धरतो, तिथे त्यांनी खोदले. निघालेला दगड तटाला, पायऱ्यांना लागला आणि खड्ड्याचे टाके झाले. काही टाकी आत पोखरत नेली आणि छताला आधार म्हणून मध्ये खांब सोडले. त्या सावलीत पाणी कमी उडते. पावसाचे चार महिने साठवून आठ महिने पुरवायचे, असा तो हिशेब होता. गावात शेततळे खोदणाऱ्या शेतकऱ्याने हे एकदा जाऊन पाहावेच.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच पाहुणे आले होते. आम्ही अगत्य फार केले. “पोहे घ्या, अजून एक चहा घ्या,” करता करता घराबाहेर पडायलाच नऊ वाजले. गडाच्या सोंडेवर पोचेतो ऊन माथ्यावर आले. झाडाची सावली नाही, पायाखाली तापलेला कातळ. चौघांत मिळून दोन बाटल्या पाणी. म्हटले, वर टाके आहे, काळजी कशाला? टाक्यापाशी गेलो तर पाण्यावर हिरवा तवंग, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे तरंगत होती. पाहुण्यांपैकी एकाला भोवळ आली. त्याला धरून धरून उतरवला. खालच्या धनगरवाड्यावरच्या आजीने आम्हांला ओसरीत बसवले, मीठ घालून ताक दिले. पैसे पुढे केले तर म्हणाली, “तान्हेल्या माणसाकडून पैसं घ्यायचं व्हय?” पाहुणा सावरला, पण माझी मान खाली गेली. शेकडो वर्षे लोकांची तहान भागवलेले पाणी आमच्या पिढीने पिण्याजोगे ठेवले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरचा रिवाज बदलला. पाहुणा असो वा घरचा, पहाटे साडेचारला उठणे आणि उजाडायच्या आत पायथा गाठणे. चहा घ्यावा, आग्रह मात्र करू नये. दहा-साडेदहाला गड उतरायला लागावे. माणशी तीन लिटर पाणी प्रत्येकाने स्वतःच्या पाठीवर न्यावे. शिदोरीला भाकरी, झुणका, कांदा, गुळाचा खडा. टोपी किंवा उपरणे हवेच. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली वेगळी ठेवावी. हे चमचे चहाचे धरावेत. एखाद्याचे डोके दुखू लागले, मळमळले, तो गप्प होऊ लागला, तर माथा गाठायचा हट्ट सोडून त्याला सावलीत बसवावे आणि हे पाणी घोटघोट पाजावे. अंग ओले करून वारा घालावा. बरळू लागला किंवा शुद्ध हरपू लागली तर मात्र तोंडात काही घालू नये. अंग गार करत राहावे आणि 108 ला दूरध्वनी करावा. टाक्याचे पाणी गावकरी “चांगलं आहे” म्हणाले तरच भरावे, आणि गाळून-उकळून मगच प्यावे.

दुसरा धोका आग्यामोहोळाचा. कडेकपारींत आणि लेण्यांच्या कपाळावर ही मोहोळे लोंबत असतात. धूर आणि उग्र वास यांनी माश्या खवळतात. म्हणून पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगावे, अत्तर-सेंट लावू नका, वर धूर करू नका, मोहोळाला खडा मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नयेत. तोंड-डोके कापडाने झाकून, पाय जपून टाकत, तिथून दूर निघावे. काटे लगेच नखाने खरवडून काढावेत. फार डंख झाले किंवा श्वास लागू लागला, तर थेट दवाखाना.

तिसरा धोका वणव्याचा, आणि यात आपण शेतकरीही येतो. फाल्गुन-चैत्रात भाताचा राब भाजतात. शेण, तोडलेला पाला-फांद्या, गवत आणि वर माती असा थर पेटवला की तणाचे बी जळते आणि राख रोपाला मिळते. पाहुण्याला हे जरूर समजावून सांगा, कारण आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा जो वाफाळता भात तुम्ही त्याला रात्री वाढणार, त्याची सुरुवात या राबातून होते. इंद्रायणी हे वाण तर आपल्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचे, 1987 सालचे. आंबेमोहोर 157 आणि आय.आर. 8 यांच्या संकरातून ते निघाले.

पण राबाची आग दुपारच्या वाऱ्याने बांध ओलांडते आणि डोंगरचे गवत पेटते. कोणाची विडी पडते, कोणी “जाळलं की गवत जोमानं येतं” या समजुतीने मुद्दाम काडी लावतो. खरे पाहता त्या आगीत वैशाखात गुरांना लागणारा चारा जातो, झाडांची कोवळी रोपे जातात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवी-लाव्यांची घरटी जातात. उघडी पडलेली माती पहिल्या वळवाबरोबर ओढ्याला लागते. मग पाझर आटतात. गडावरच्या टाक्याची आणि गावच्या विहिरीची कथा शेवटी एकच आहे. म्हणून राब वारा पडलेला असताना भाजावा, भोवती दोन-तीन हात जागा साफ करावी, पाणी आणि ओल्या फांद्या हाताशी ठेवाव्यात, राख थंड झाल्याखेरीज जागा सोडू नये. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांना सांगून ठेवावे. पाहुण्यांनीही गडावर चूल पेटवू नये. तहानेला ताक आणि भुकेला पिठले-भाकरी पायथ्याच्या घरी सांगून ठेवावी. चार पैसे त्या घरात जातात आणि वाटाड्याही तिथेच मिळतो.

पाहुण्यांचा मुक्काम एक दिवस वाढला, तर मुळशीच्या पाण्याकडे न्या. जलाशय देखणा आहे. पण काठावर उभे राहून सांगा की याच पाण्याखाली मावळच्या माणसांची घरे आणि भातखाचरे गेली. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह सुरू झाला. पुढे त्याची धुरा पां. म. बापटांनी वाहिली आणि लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. मुंबईच्या विजेसाठी हे पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याला जाते. ज्याने हे ऐकले, तो पाहुणा आमच्या माणच्या इमारतींकडेही जरा वेगळ्या नजरेने पाहतो. त्यांच्याखालीही शेतेच होती.

निरोपाच्या दिवशी पाहुण्याच्या हाती किलोभर इंद्रायणी द्यावा. आम्ही आणखी एक रीत पाडली आहे. गड उतरताना यजमान आणि पाहुण्यांनी मिळून एक पोते कचरा खाली आणायचा, आधी टाक्याच्या काठचा. शिक्षकांनी सहलीला हे केले, तर एका वर्गाला एक टाके सहज सांभाळता येईल. सगळे गड एका वर्षात स्वच्छ होणार नाहीत. पण ज्या टाक्यापाशी माझा पाहुणा तहानलेला उभा राहिला होता, तिथे गेल्या फाल्गुनात आम्हांला पाण्याचा तळ दिसला.

तुमच्याकडे येत्या होळीला असा निरोप आला, तर “या” म्हणा. आणि पहाटेचा गजर लावायला विसरू नका.