यंत्र फिरतं, काम रोटर करतो

साधा सेंट्रिफ्यूज कुठे थांबतो

दाभोशाच्या पेशंटचं रक्त जव्हारच्या रुग्णालयात घेतलं, तर सीरम काढायला टेबलावरचा सेंट्रिफ्यूज पुरतो. मिनिटाला 3,000 फेरे, त्रिज्या 15 सेंटिमीटर. बळ गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 1,500 पट. दहा मिनिटांत गोठलेलं रक्त खाली, पिवळसर सीरम वर. पण त्याच सीरममधला विषाणू इतक्या बळाला दाद देत नाही. 1965 साली नागपूरच्या रुग्णांमध्ये सापडलेला चांदीपुरा विषाणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. असे विषाणू शुद्ध करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज लागतो.

बळाचं गणित

अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये 8 सेंटिमीटर त्रिज्येवर मिनिटाला 50,000 फेरे म्हणजे 2,23,600 पट बळ. दहा ग्रॅमची नळी आत सव्वादोन टनांची होते! वेग निम्मा केला की बळ चौथ्या हिश्श्यावर येतं. रोटर, म्हणजे नळ्या धरून फिरणारा भाग, बदलला की त्रिज्याही बदलते, म्हणून वहीत नुसतं आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, लिहिणं म्हणजे अर्धवट नोंद. बळ किती 'जी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, तेही लिहावं.

कोणता रोटर?

नुसता गाळ हवा असेल तर फिक्स्ड अँगल. नळी तिरकी असते, कण थोडंच अंतर कापून भिंतीला लागतात आणि घसरत तळाशी जमतात. काम लवकर आटपतं.

विषाणू स्वच्छ वेगळा हवा असेल तर स्विंगिंग बकेट. नळीत साखरेच्या द्रावणाचे थर रचतात, तळाशी दाट, वर पातळ. फिरताना बकेट आडव्या होतात आणि विषाणू अधल्यामधल्या थरात अडकतो. बाजूने उजेड टाकला की दुधट पट्टी दिसते; तेवढीच सुईने ओढून घ्यायची. वेळ जातो, पण माझं मत याच रोटरच्या बाजूने.

आपल्या लिपिड रिपोर्टातली एलडीएल, एचडीएल ही नावंही इथलीच: कमी घनतेचं आणि जास्त घनतेचं लिपोप्रोटीन, अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये वेगळं झालेलं.

रोटरचं आयुष्य

समोरासमोरच्या नळ्या काट्यावर तोलून घ्याव्यात, द्रावणही दोन्हींत तेच असावं. ॲल्युमिनियमच्या रोटरला क्षार खातात, टायटॅनियमचा टिकतो. धुऊन, उलटा ठेवून वाळवणं मात्र दोन्हींना हवं. किती वेळा फिरवला याची नोंद ठेवतात, कारण धातू थकतो. डिसेंबर 1998 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ॲल्युमिनियमचा रोटर चालू यंत्रात फुटला आणि प्रयोगशाळेची खोली उद्ध्वस्त झाली. तेव्हा रोटर हातातून पडला असेल, तर ओरखडा दिसो न दिसो, जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय यंत्रात चढवू नका.