ओसरीवरचे वायफाय

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा अस्थिरोगाविषयीच काही लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या इंदूरच्या ४० खाटांच्या रुग्णालयात नातेवाइकांसाठी ठेवलेल्या वायफायने मला जे शिकविले, ते आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हा विषय निवडला आहे.

आरंभी आमच्याकडे इंटरनेटची एकच जोडणी आणि एकच पासवर्ड होता. तो स्वागतकक्षाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटविलेला असे. लग्नसराईतील एका रात्री अपघातात डोक्याला मार लागलेला एक तरुण आला. सीटी स्कॅन लगेच झाला. पण २५ मिनिटे उलटली तरी निम्म्याही प्रतिमा घरी असलेल्या रेडिओलॉजिस्टांपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. वॉर्डांतून व्हिडिओ कॉल चालू होते, कुणाकुणाचे फोन वरातीची चित्रणे आपोआप वर चढवीत होते, आणि आमच्या प्रतिमा त्याच रांगेत ताटकळत होत्या. शेवटी पडद्याचे छायाचित्र काढून मी ते माझ्या फोनच्या इंटरनेटवरून पाठविले. कवटीच्या आत रक्त साचले होते. तरुणास तातडीने न्यूरोसर्जनकडे हलविले व तो वाचला. पण ती २५ मिनिटे मी विसरलेलो नाही.

गतीचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा धोका दिसत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रणालीने ब्रिटनमधील अनेक सरकारी रुग्णालये ठप्प केली. एका संगणकातून दुसऱ्यात ती कोणी काही न उघडता आपोआप शिरत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवरही सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर करावे लागले. पाहुण्याचा रोगट लॅपटॉप आणि आपला एक्स-रेचा संगणक एकाच जाळ्यात असणे म्हणजे गोवराच्या रुग्णाला नवजात शिशूंच्या कक्षात बसविण्यासारखेच आहे.

उपाय आपल्या जुन्या वाड्यांत होताच. आल्यागेल्याने ओसरीवर बसावे. माजघरात घरच्यांनीच जावे. वायफायचे छतावर लावलेले एकच यंत्र, ज्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात, एकाच वेळी दोन-तीन नावांनी साद घालू शकते : एक पाहुण्यांसाठी, एक कर्मचाऱ्यांसाठी, एक वैद्यकीय यंत्रांसाठी. प्रत्येक नावामागे एक आभासी जाळे असते व त्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर त्या जाळ्याचा क्रमांक लावला जातो. पाहुण्याच्या क्रमांकाचे पुडके फायरवॉलपाशी आले की त्याला बाहेरचे इंटरनेट मोकळे, रुग्णालयाचे आतले पत्ते बंद. शिवाय पाहुण्यांचे फोन एकमेकांना दिसू नयेत, अशीही एक कळ असते. ती अवश्य दाबावी.

आमच्याकडे तीन मजल्यांवर असे १२ ॲक्सेस पॉइंट आहेत. पूर्वी पासवर्ड बदलायचा तर बाराही यंत्रे एकेक उघडावी लागत, म्हणून तो कधी बदललाच जात नसे. कंट्रोलर हा या सर्वांचा कारभारी. नियम एकदाच त्याला सांगायचा. तो साऱ्यांकडून पाळून घेतो. शेजारच्या यंत्रांनी एकमेकांच्या लहरींत गोंधळ घालू नये म्हणून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे वाहिनी-क्रमांक तोच वाटून देतो. प्रत्येक पाहुण्याला किती गती, किती तास, किती उपकरणे, हेही तोच ठरवितो. प्रतिमांच्या वाहतुकीस प्राधान्य मात्र बाहेरच्या दारावरील राउटरमध्ये द्यावे लागते. आमची पहिली चूक हीच होती. कंट्रोलर आणला की सारे झाले, असे आम्ही धरून चाललो होतो.

दुसरी चूक अधिक मजेची. ओपीडीच्या दिवशी दुपारी बारानंतर नव्या कुणाचेच वायफाय लागेना. पाहुण्यांच्या जाळ्यात सुमारे २५० पत्ते होते व प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिला जाई. सकाळी दहा मिनिटे येऊन गेलेला माणूसही आपला पाट दुसऱ्या सकाळपर्यंत अडवून बसे! मुदत एका तासावर आणली आणि पंगत सुरळीत चालू लागली.

प्रवेशासाठी मोबाइलवर ओटीपी पाठविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. आमचा सीटी स्कॅन विभाग तळघरात आहे. तिथे मोबाइलला रेंजच नाही, मग ओटीपी कसा यावा? म्हणून दाखल होतानाच संकेतांक छापलेली चिठ्ठी देण्याची सोय केली. तो एका दिवसानंतर आपोआप निकामी होतो. नोंदवहीत कोणाला कोणती चिठ्ठी दिली, एवढेच लिहिले जाते.

ही नोंद हवीच. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्यासंबंधीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घरच्या वायफायचा गैरवापर करून पाठविण्यात आला होता. त्या घरात राहणाऱ्या गृहस्थामागे चौकशीचा ससेमिरा लागला. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा निर्देश दिला. तो कंपनीरूप संस्थांनाही लागू आहे.

मात्र नोंद ठेवताना आपण डॉक्टर आहोत, हे विसरता कामा नये. मनोविकार वा वंध्यत्वाच्या दवाखान्यात कोण कधी येऊन बसले, ही यादी स्वतःच एक वैद्यकीय गुपित आहे. फुकट वायफाय बसवून देतो, मोबदल्यात फोन क्रमांक आम्हाला द्या, असा प्रस्ताव घेऊन एक गृहस्थ आले होते. त्यांना चहा पाजून परत पाठविले.

राहता राहिला वाद घरातल्यांशी. डॉक्टरांचे व परिचारिकांचे खासगी मोबाइलही पाहुण्यांच्याच जाळ्यात राहतील, या नियमावर ज्येष्ठ सहकारी रुसले. ‘आम्ही काय पाहुणे?’ असा त्यांचा सवाल. आपण नव्हे, आपला मोबाइल पाहुणा, असे सांगून पाहिले. एक सर्जन अजूनही माझ्याशी त्या विषयावर बोलत नाहीत. पण रोज सकाळी काउंटरवरून चिठ्ठी तेवढी नेतात.